बिशपचं मानचिन्ह कसं वाचायचं: आधी गोंडे मोजा, मग ढालीत डोकवा

कॅथलिक चर्चमध्ये नवीन बिशप, म्हणजे एखाद्या भागाचे मुख्य धर्मगुरू, नेमले गेले की अभिषेक सोहळ्याच्या पत्रिकेवर, मिस्साच्या पुस्तिकेवर आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉट्सॅप ग्रुपांवर एक रंगीत चित्र फिरायला लागतं. मधे ढाल, वर हिरवी टोपी, दोन्ही बाजूंना लोंबणारे गोंडे, मागून डोकावणारा क्रूस आणि खाली फितीवर लॅटिन नाहीतर इंग्रजीतली एक ओळ. बहुतेक जण "छान लोगो आहे" म्हणतात आणि फॉरवर्ड करून मोकळे होतात. पण तो लोगो नाहीये, ते वाचायचं असतं, आणि एकदा पद्धत कळली की दोन मिनिटांत वाचता येतं, त्याला लॅटिन यायला पाहिजे किंवा चर्चचा इतिहास पाठ पाहिजे असं काही नाही.

पद्धत एकच. ढालीच्या बाहेर जे काही आहे ते पद सांगतं आणि ढालीच्या आत जे आहे ते माणूस सांगतं. नवीन लोक नेमकं उलटं करतात, म्हणजे टोपीत गूढ अर्थ शोधतात आणि ढालीतल्या सिंहावरून "हे आर्चबिशप (बिशपांच्या वरचं पद) असणार" असा अंदाज बांधतात. तसं करू नका. बाहेरून आत या.

पहिली पायरी, टोपीचा रंग आणि गोंडे

वरची रुंद काठाची चपटी टोपी म्हणजे गॅलेरो. पोप इनोसंट चौथे यांनी १२४५ च्या लियोंच्या धर्मपरिषदेच्या वेळी कार्डिनलांना (पोपच्या खालोखालचं पद) लाल टोपी दिली, तिथून हे सुरू झालं असं धरतात. बिशपांची हिरवी टोपी मूळ स्पेनकडची असं सांगतात. आता गंमत अशी की ही टोपी प्रत्यक्षात कोणी घालतच नाही, १९६९ साली पोप पॉल सहावे यांच्या काळात ती बंद झाली, पण कागदावरून काही हटली नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये किंवा न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्समध्ये गेलात तर मान वर करून बघा, दिवंगत कार्डिनलांच्या लाल टोप्या छताला टांगलेल्या दिसतील, त्या तशाच लटकत ठेवायच्या, जीर्ण होऊन पडतील तेव्हा पडतील, असा रिवाज.

टोपीच्या दोन्ही बाजूंनी दोरी खाली येते आणि तिला पिरॅमिडसारखे गोंडे असतात, वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन असे. पोलिसांच्या खांद्यावरचे स्टार बघून आपण हुद्दा ओळखतो ना, तसं हे आहे. एका बाजूचेच मोजायचे:

६ गोंडे, हिरवे: बिशप.
१० गोंडे, हिरवे: आर्चबिशप, म्हणजे चार ओळी.
१५ गोंडे, लाल: कार्डिनल, पाच ओळी.
१५ गोंडे, पण हिरवे: पॅट्रिआर्क, म्हणजे आर्चबिशपांहून मानाचा किताब असलेले.

शेवटच्या दोन्हींत आकडा तोच आहे, त्यामुळे नुसतं मोजून थांबू नका, रंग बघा. आपल्या गोव्यातच हा घोळ होऊ शकतो, कारण गोव्याच्या आर्चबिशपांना १८८६ पासून ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क हा किताब आहे, आणि आत्ताचे फिलिप नेरी फेर्राव २०२२ मध्ये कार्डिनल झाले. म्हणजे एकाच माणसाच्या बाबतीत तीन पदं, आणि चिन्हात वरचं पद घ्यायचं, तर लाल १५.

वसईकरांसाठी अजून एक. वसई हा १९९८ साली मुंबईपासून वेगळा झालेला धर्मप्रांत, म्हणजे बिशपांचा भाग, महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपांचा, नव्हे. मग साधा हिशोब सांगतो की तिथल्या बिशपांना ६ गोंडे. पण २००९ ते २०२४ तिथे असलेले फेलिक्स मच्याडो यांना आर्चबिशप हा किताब व्यक्तिशः होता, आणि किताब माणसाचा असला तरी नियम तोच, १० गोंडे. म्हणून गोंडे मोजून "हा महाधर्मप्रांत आहे" असा निष्कर्ष काढायचा नाही. गोंडे माणसाचं पद सांगतात, त्याच्या धर्मप्रांताचं नाही.

हिरवा किंवा लाल सोडून दुसरा रंग दिसला, काळी किंवा जांभळी टोपी, तर ते बिशप नाहीत, मॉन्सिन्योर (मानाचा किताब मिळालेले फादर) किंवा मठाधिपती किंवा साधे फादर असतील. काळी टोपी आणि दोन्ही बाजूंना एकेकच गोंडा म्हणजे फादर. त्यात आत्ता शिरत नाही, पोटभेद खूप आहेत.

आणि जुन्या दगडावरच्या चिन्हाला हा गोंड्यांचा हिशोब लावायचा नाही. कार्डिनलांचे १५ हा आकडा १८३२ मध्ये पक्का झाला, त्याआधी कारागीर जागा असेल तेवढे गोंडे कोरायचे. जुन्या गोव्यात किंवा युरोपात सतराव्या शतकातलं काही दिसलं तर गोंडे मोजून वाद घालू नका, हरायलाच होईल.

दुसरी पायरी, मागचा क्रूस

ढालीच्या मागे उभा क्रूस असतो, त्याचं टोक वर आणि पाय खाली दिसतो. एक आडवी पट्टी असेल तर बिशप, दोन असतील तर आर्चबिशप. गोंडे अस्पष्ट छापले असतील, फोटो कुठल्यातरी स्कॅनरमधून तिसऱ्यांदा आला असेल, तर क्रूस बघून खात्री करता येते. कार्डिनलांचंही तसंच, ते आर्चबिशप असतील तर दोन पट्ट्यांचा.

इथेच एक वयाचा पुरावा पण मिळतो. टोपीच्या खाली मायटर, म्हणजे बिशपांचा तो उंच टोकदार मुकुट, आणि वळणदार धर्मदंड काढलेला असेल तर चिन्ह बहुधा जुनं. ३१ मार्च १९६९ च्या रोमच्या सूचनेने बिशपांनी आणि कार्डिनलांनी ढालीबरोबर मायटर आणि दंड काढायचा नाही असं ठरवून टाकलं. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, सरदारकीचे मुकुट काढून टाकायला लावले होते. तरी आजही कुठल्या कुठल्या पुस्तिकेवर मायटर दिसतो, डिझायनरने नेटवरून जुनं चित्र उचललेलं असतं आणि कोणी तपासलेलं नसतं.

ढालीखाली किंवा भोवती पांढरी पट्टी आणि तिच्यावर काळे क्रूस दिसले तर ते पॅलियम. लोकरीची पट्टी असते ती, मेट्रोपॉलिटन आर्चबिशपांना पोपकडून मिळते. दिसली तर समजा, यांच्या हाताखाली अजून धर्मप्रांत आहेत.

झालं, बाहेरचं संपलं. इथपर्यंत माणसाबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही, फक्त खुर्ची कळली.

तिसरी पायरी, ढाल: आधी डावं-उजवं

आता सगळे इथे चुकतात म्हणून नीट वाचा. ढाल हातात धरलेल्या माणसाच्या बाजूने डावं-उजवं ठरतं, बघणाऱ्याच्या नाही. म्हणजे तुमच्या डाव्या हाताला जे दिसतं ती ढालीची उजवी बाजू, आणि तीच मानाची.

हे कशाला पाहिजे? तर अमेरिकेत, कॅनडात बहुतेक वेळा ढाल मधून उभी चिरलेली असते, मानाच्या बाजूला धर्मप्रांताचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला बिशपांचं स्वतःचं. बिशप बदलले की एक अर्धं तसंच राहतं आणि दुसरं बदलतं. बॉस्टनचं उदाहरण घ्या. त्यांच्या धर्मप्रांताच्या भागात खाली तीन टेकड्या आहेत, कारण त्या गावाचं जुनं नावच तीन टेकड्यांवरून होतं, आणि वर लिलीच्या टोकांचा क्रूस आहे, एक तर तिथलं कॅथेड्रल पवित्र क्रूसाचं आणि दुसरं म्हणजे पहिले बिशप शवेरुस फ्रान्सचे, म्हणून लिली. आता बॉस्टनच्या कुठल्याही आर्चबिशपांचं चिन्ह समोर आलं तर अर्धं तुम्हाला आधीच वाचता येतंय.

आपल्याकडे आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी ढाल चिरत नाहीत, सगळी ढाल बिशपांची स्वतःची. म्हणून आधी बघायचं की मधे उभी रेघ आहे का. असली तर दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या, एकत्र करून एक कथा रचायची नाही.

रंगांचं थोडक्यात. सोनेरी आणि चंदेरी हे धातू (पिवळा आणि पांढरा म्हणून छापतात), बाकी लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, हा मूळ नियम, कारण लांबून दिसलं पाहिजे. निळ्यावर सोनेरी तारा चालतो, निळ्यावर हिरवं झाड नाही. हा नियम मोडलेला सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे जेरुसलेमच्या राज्याचं चिन्ह, चंदेरीवर सोनेरी क्रूस. रंगांचे अर्थ मात्र जपून लावा, निळा बहुतेकदा मारियामातेचा, लाल हौतात्म्याचा किंवा पवित्र आत्म्याचा, पण प्रत्येक निळं मारियामातेसाठीच असतं असं नाही, कधी कधी ते नुसतं पाणी असतं.

चौथी पायरी, ढालीतली चित्रं: फ्रान्सिसची ढाल घेऊन बघू

शिकायला पोप फ्रान्सिस यांच्यासारखं सोपं उदाहरण नाही, कारण त्यांनी बिशप होताना निवडलेली ढाल शेवटपर्यंत ठेवली आणि बाहेरचं तेवढं बदलत गेलं. १९९२ मध्ये सहायक बिशप, म्हणजे हिरवे ६. १९९८ मध्ये ब्युनोस आयर्सचे आर्चबिशप, हिरवे १० आणि दोन पट्ट्यांचा क्रूस. २००१ मध्ये कार्डिनल, लाल १५. १३ मार्च २०१३ ला पोप, आणि टोपी गेली, तिच्या जागी मायटर आणि मागे फुलीसारख्या ठेवलेल्या संत पेत्राच्या दोन किल्ल्या, एक सोन्याची, एक चांदीची. (वर म्हटलं ना मायटर बंद झाला, तो बिशप-कार्डिनलांना. पोपचा तिहेरी मुकुट बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ मध्ये चिन्हातून काढला आणि तीन सोनेरी पट्ट्यांचा मायटर घेतला, तेव्हापासून तोच आहे.)

आता आत या. निळी ढाल. वरती मध्यभागी ज्वाळांचा सूर्य, त्यात लाल रंगात येशूच्या नावाची तीन अक्षरं, मधल्या अक्षरावर क्रूस, खाली तीन काळे खिळे. हे जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचं चिन्ह, फ्रान्सिस जेझुइट. जुन्या गोव्यात बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भिंतीवर अगदी वरती हीच अक्षरं कोरलेली आहेत, ते पण जेझुइटांचंच चर्च, तेव्हा पुढच्या वेळी फ्रान्सिस झेवियरचं दर्शन घ्यायला आत घुसण्याआधी दोन पावलं मागे जाऊन वर बघा.

सूर्याखाली दोन गोष्टी, एक तारा आणि एक फुलांचा घोस. तारा मारियामातेचा. २०१३ मध्ये पहिल्यांदा चित्र आलं तेव्हा तारा पाच टोकांचा होता, नंतर सुधारून आठ टोकांचा केला. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना द्राक्षांचा घड वाटते, मिस्साच्या द्राक्षारसाशी जोडून मोकळे होतात, पण तो घड नाहीच, ती जटामांसी आहे, हो तीच, आपल्या आयुर्वेदाच्या दुकानात मिळणारी, हिमालयातली. स्पॅनिश भाषिक देशांत संत जोसेफच्या हातात हे फूल दाखवतात, म्हणून अर्जेंटिनाच्या माणसाच्या ढालीत ते जोसेफसाठी आलं. म्हणजे सूर्य येशू, तारा मारिया, फूल जोसेफ, पूर्ण पवित्र कुटुंब झालं.

यातून शिकायचं काय, तर चित्र ओळखता आलं नाही की आधी तीन प्रश्न विचारायचे. हे बिशप कुठल्या संघाचे? कुठल्या गावचे? कुठल्या संतावर त्यांची भक्ती? निम्मं कोडं तिथेच सुटतं. संघांची चिन्हं तर पाठच करून टाका, फार नाहीत. क्रूसावर एकमेकांना छेदणारे दोन हात, एक उघडा आणि एक झग्याच्या बाहीतला, म्हणजे फ्रान्सिस्कन, उघडा हात ख्रिस्ताचा आणि बाहीतला असिसीच्या फ्रान्सिसचा. डोंगर आणि तीन तारे म्हणजे कार्मेलाइट. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांवर फुलांच्या टोकांचा क्रूस म्हणजे डॉमिनिकन. बाण लागलेलं हृदय आणि पुस्तक म्हणजे ऑगस्टिनियन.

संतांचं पण तसंच. दातेरी चाक दिसलं की अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन, तिचा छळ चाकावर करायचं ठरलं होतं आणि चाकच मोडलं अशी कथा. हे चाक गोव्याशी घट्ट बांधलेलं आहे, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी, गोवा घेतला, से कॅथेड्रल तिच्याच नावाने आहे आणि पुढे पोर्तुगीज इंडियाच्या सरकारी चिन्हातही चाक आलं. शिंपला असेल तर यात्रेकरू, किल्ल्या असतील तर पेत्र, तलवार असेल तर बहुधा पौल.

गावची कथा कशी येते त्याला बेनेडिक्टची ढाल बघा. त्यात पाठीवर गाठोडं बांधलेलं अस्वल आहे. सर्कशीतलं वाटतं, पण ते जर्मनीतल्या फ्रायझिंगच्या संत कोर्बिनियनचं अस्वल आहे. कोर्बिनियन रोमला निघाले असताना अस्वलाने त्यांचं सामानाचं जनावर मारलं, तर संतांनी सामान अस्वलाच्याच पाठीवर लादलं आणि रोमपर्यंत वाहायला लावलं. बेनेडिक्ट १९७७ मध्ये म्युनिक-फ्रायझिंगचे आर्चबिशप झाले तेव्हा ते अस्वल घेतलं आणि पुढे ते स्वतःच रोमला ओझं वाहायला गेले. ही कथा माहीत नसेल तर तुम्ही त्या अस्वलाकडे कितीही बघत बसा, काही कळणार नाही, आणि म्हणूनच बिशप नेमणुकीच्या वेळी चिन्हाचा खुलासा छापतात तो पीडीएफ फेकून देऊ नका.

माझं एक मत सांगतो, पटो न पटो. आपल्याकडच्या बऱ्याच ढालींत फार गर्दी असते. कमळ, दिवा, नदी, डोंगर, उघडं बायबल, पेला, कबूतर, सगळं एकाच ढालीत कोंबलेलं, आणि पत्रिकेवर अंगठ्याएवढं छापलं की नुसता रंगीबेरंगी ठिपका. कमळ ठेवा ना, दिवा ठेवा, आपल्या मातीतलं आहे, उत्तमच, पण मग दुसरं काहीतरी सोडा. पोप जॉन पॉल दुसरे यांची ढाल बघा, निळ्यावर सोनेरी क्रूस जरा बाजूला सरकवलेला आणि रिकाम्या कोपऱ्यात मारियेसाठी एक अक्षर, बस्स. जाणकारांनी नाकं मुरडली होती, ढालीत अक्षर लिहीत नाहीत म्हणून, पण जगात कोणीही ती लांबून ओळखायचं.

पाचवी पायरी, ब्रीदवाक्य

खालच्या फितीवरची ओळ बायबलमधून किंवा एखाद्या संताच्या लेखनातून घेतलेली असते. अर्थ नेटवर मिळतो, पण अर्थावर थांबू नका, ती ओळ मुळात कुठे आली ते शोधा. फ्रान्सिस यांचं 'मिझेरांदो आत्क्वे एलिजेन्दो', दया करून निवडलं, हे संत बीड यांच्या प्रवचनातलं आहे, आणि तो प्रसंग आहे जकातवाल्या मत्तयाला येशू बोलावतो तेव्हाचा. आता ती ओळ एकदम वेगळी वाटते की नाही? लोक ज्याचा तिरस्कार करायचे अशा वसुलीवाल्याची निवड.

सहावी, काळी-पांढरी चिन्हं

धर्मप्रांताच्या शिक्क्यावर, जुन्या लेटरहेडवर रंग नसतात, पण बारीक रेघा असतात, त्या नक्षी म्हणून सोडून देऊ नका. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. ठिपके सोनेरी, कोरं चंदेरी. तुमच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या रेघा हिरव्या, उलट्या तिरक्या जांभळ्या, उभ्या-आडव्या जाळीचा काळा. ही पद्धत सिल्वेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइटांच्या १६३८ च्या ग्रंथाने रूढ केली. मोबाइलवर झूम करून बघा, चांगल्या छापाईत अजून दिसतात.

आता हे सगळं बरोबर काढलंय की नाही हे तपासतं कोण? इंग्लंड, स्कॉटलंड, कॅनडात त्यासाठी अधिकृत संस्था आहेत, भारतात असं काही नाही, रोमसुद्धा प्रत्येक बिशपची ढाल मंजूर करत बसत नाही, बिशप आणि त्यांचा डिझायनर ठरवतात. म्हणून चुका राहतात, आणि पुस्तिका छापखान्यात जायच्या आधी कोणीतरी गोंडे मोजलेले बरे. तुमच्या धर्मग्रामात ते काम तुम्हीच घ्या.

सरावाला पोप लिओ चौदावे यांची ढाल घ्या, ८ मे २०२५ ला निवडून आले ते. ढाल तिरकी चिरलेली आहे, वरच्या भागात निळ्यावर पांढरी लिली, खालच्या भागात फिक्या रंगावर मिटलेलं पुस्तक आणि त्यावर बाण लागलेलं हृदय. ब्रीद 'इन इल्लो ऊनो ऊनुम'. संघ कोणता, लिली कोणाची आणि ओळ कोणाची असेल, खालचं उत्तर झाकून आधी स्वतः सांगा.

उत्तर: संघ ऑगस्टिनियन, लिली मारियामातेची, आणि ओळ संत ऑगस्टिनच्या १२७ व्या स्तोत्रावरच्या विवेचनातली, आपण अनेक असलो तरी त्या एका ख्रिस्तात एक आहोत या अर्थाची. चिरा तिरका आहे, उभा नाही, त्यामुळे बॉस्टनसारखं अर्धं धर्मप्रांताचं समजायचं नाही, दोन्ही भाग त्यांचेच.